निर्व्यसनी जावयाचं आसव

गजेंद्र शेट्येला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, ही गोष्ट त्याच्या सासरी इतकी पक्की ठरून गेली होती की ती बदलायचा अधिकार खुद्द गजेंद्रलाही उरला नव्हता. लग्न जमवताना मध्यस्थाला मुलाची उंची, पगार आणि डोक्यावरचे केस या तिन्ही विषयांवर जरा जपूनच बोलावं लागलं होतं. त्यामुळे ‘मुलगा निर्व्यसनी आहे’ हे वाक्य हाती लागताच त्याने ते छातीठोकपणे दोनदा म्हणून घेतलं. सासूबाई कलावतीबाईंनी ते तिथल्या तिथे पदरात बांधलं. तेव्हापासून संगमेश्वरात कुणाचा जावई झोकांड्या खात घरी आला की त्या घराला गजेंद्रचं उदाहरण ऐकावं लागे. एका साडूने तर त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

तर असा हा आदर्श पुरुष मस्कतमध्ये अल् खुवैरच्या एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता आणि त्याला मनातून बिअर फार आवडायची. आता तुम्ही म्हणाल, मग प्यायची होती! ओमानमध्ये काय मिळत नाही? मिळते की. बिगरमुसलमान माणसाने परवाना काढला की रीतसर मिळते. पण परवान्याला कंपनीचं पत्र लागतं, आणि ते पत्र देणारे अ‍ॅडमिन मॅनेजर म्हणजे मुजम्मिलभाई. पाच वेळचे नमाजी, संगमेश्वराच्या खाडीपलीकडचेच, ऑफिसात गजेंद्रला धाकट्या भावासारखं वागवणारे. ‘मुजम्मिलभाई, मला दारूच्या परवान्यासाठी पत्र हवंय’ हे वाक्य गजेंद्रने गाडीत एकट्याने कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. सिग्नल सुटला की ते अर्धवट राहायचं. पार्ट्यांमध्ये तो लिंबू सरबताचा ग्लास धरून उभा राहायचा, आणि बायका आपापल्या नवऱ्यांना त्याच्याकडे बोट दाखवायच्या.

त्या वर्षी तेलाचे भाव पडले, दुक्म बंदराचं काम थंडावलं, आणि कॉलिन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरचं काँट्रॅक्ट खलास झालं. जाताना त्याने घरातल्या वस्तू वाटल्या. कुणाला इस्त्रीचं टेबल, कुणाला कुंड्या. गजेंद्रच्या वाट्याला एक खोकं आलं. ‘तू काळजीपूर्वक काम करणारा माणूस आहेस, तुला जमेल,’ असं कॉलिन म्हणाला. घरी येऊन उघडलं तर आत झाकणाची मोठी पांढरी बादली, आतली हवा बाहेर सोडणारी एक वाकडी प्लास्टिकची नळी, काकवीसारख्या पाकाचा डबा आणि यीस्टची पुडी. घरच्या घरी बिअर बनवायचं किट!

“घरी बनवायला परवानगी असते का?” यशश्रीने विचारलं. ती इंडियन स्कूलमध्ये शिक्षिका होती, त्यामुळे तिचे प्रश्न नेमके असत.

“विचारलं तर नाही म्हणतील.”

“मग?”

“म्हणून विचारलं नाही.”

“छान. सेफ्टी ऑफिसर ना तू? मला यातलं काही माहीत नाही. ही बादली मी पाहिलेली नाही, आणि माझं मोठं पातेलं वापरायचं नाही.”

पातेलं अर्थातच वापरलं गेलं. एका शुक्रवारी सकाळी गजेंद्रने ऑफिसचे हातमोजे आणि गॉगल चढवून सगळं सामान उकळत्या पाण्याने असं काही धुतलं, की पुढे कुणाचं ऑपरेशन व्हायचं असावं. पाक ओतला, पाणी ओतलं, यीस्ट भुरभुरवलं, झाकण लावून त्यात नळी बसवली. दुसऱ्या दिवशी नळीतून ‘बुडूक’ असा आवाज आला, आणि या माणसाचे डोळे भरून आले. आयुष्यात त्याने स्वतःच्या हाताने काही बनवलं असं हे पहिलंच.

वरच्या मजल्यावरचा रामकृष्ण दुक्मला काम करायचा आणि सुट्टीला घरी यायचा. या विषयातला तो स्वयंघोषित जाणकार. दुक्मच्या कॅम्पात सगळे बाप्येच. तिथे माणूस काय काय शिकतो ते विचारू नये. बादलीभोवती एक फेरी मारून तो गंभीरपणे म्हणाला, “यीस्ट म्हणजे जिवंत प्राणी रे. त्याला गारवा पाहिजे. वीस डिग्री. वर गेलं की ते पिसाळतं.”

बाहेर मे महिना पेटला होता. घरातला सगळ्यात चांगला एसी पाहुण्यांच्या खोलीत. बादली तिथे गेली. नवरा-बायको हॉलमध्ये घामाने निथळत बसायचे आणि बादली वीस डिग्रीत गारेगार. यशश्री म्हणायची, माझ्या बाळंतपणात एवढी बडदास्त ठेवली असतीस, असं म्हणायला निदान एक मूल तरी हवं होतं.

आता सासूबाई. त्यांच्या व्हिजिट व्हिसाचा अर्ज दिवाळीनंतर भरला होता. थंडीत येतील, समुद्र बघतील, असा बेत. पण कधी फोटोच्या मागचा रंग चुकला, कधी भाडेकरारावरचा शिक्का पुसट निघाला. खिडकीतला माणूस दर वेळी हसून ‘इन्शाल्ला’ म्हणायचा. शेवटी सगळ्यांनी आशा सोडली आणि बादली भरून जेमतेम दोन दिवस झाले, तेवढ्यात व्हिसा आला! आठवड्याच्या आत कलावतीबाई विमानातून उतरल्यासुद्धा. बादली कुठे हलवायची? हॉल तापलेला. रामकृष्णच्या घरी त्याची बायको प्रभावती दारातूनच नाही म्हणाली. शेवटी गजेंद्रने बादलीवर चादर टाकली आणि वर एक फ्लॉवरपॉट ठेवला.

कलावतीबाईंनी सामान ठेवलं, देवाला नमस्कार केला, आणि फ्लॉवरपॉट उचलला. मग चादर. मग वाकून वास घेतला. गजेंद्र दारात उभा होता.

“जावईबापू,” त्या सावकाश वळल्या, “हे आसव घातलंत?”

साधा प्रश्न होता आणि सुटायला एवढी रुंद वाट क्वचितच मिळते. गजेंद्र म्हणाला, “हो.”

बस. एवढंच. पुढचं सगळं रामायण या एका ‘हो’चं.

कारण कलावतीबाईंचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. त्यांनी पिशवीतून पुरचुंडी काढली. धायटीची फुलं, सुंठ, पिंपळी, वावडिंग, जुना गूळ. “अहो, यशूला अशक्तपणा आहे, म्हणून मी येताना सगळं घेऊन आल्ये. म्हटलं तिथे गेल्यावर आसव घालीन. आणि तुम्ही आधीच? बायकोसाठी? स्वतःच्या हाताने?” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. यशश्री भिंतीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

आता या माउलीला कसं सांगायचं? गजेंद्रने मनाशी ठरवलं की दोन-तीन दिवसांत योग्य वेळ बघून सांगू. योग्य वेळ ही अशी वस्तू आहे की ती भित्र्या माणसाकडे कधी येत नाही.

दुसऱ्याच दिवशी तो ऑफिसातून परत आला तर पाहुण्यांच्या खोलीचा एसी बंद, आणि बादली कलावतीबाईंच्या गोधडीत गुंडाळलेली. “आई, हे काय?”

“आसवाला ऊब लागते. आमच्याकडे धान्याच्या राशीत पुरतात. तुमच्याकडे राशी कुठल्या? तुम्ही तर त्याला बर्फात घातलंवत.”

मग सुरू झालं एक मूक युद्ध. कलावतीबाई अंघोळीला गेल्या की गजेंद्र एसी लावायचा, गोधडी सैल करायचा. त्या बाहेर आल्या की बंद. तो ऑफिसला गेला की रान मोकळंच. त्यांनी चमच्याने चव घेतली नाही, कारण तयार होण्याआधी उष्टावलं की आसव बिघडतं असं त्यांचं मत. पण वासावरून त्या समाधानी होत्या. “कडवट येतोय. म्हणजे औषधी आहे.” आणि धायटीची फुलं न घालता हे आंबलं कसं, हे कोडं त्यांनी फुलं घालूनच सोडवलं. पाठोपाठ गूळ, सुंठ आणि मूठभर पिंपळी.

ते ऐकून रामकृष्ण पलंगावर बसला. “पिंपळी?” तो म्हणाला. “बिअरमध्ये?” जवळचं कुणी गेल्याचं कळावं तसा त्याचा आवाज झाला होता. थोड्या वेळाने सावरून म्हणाला, “तशी आसवातही थोडी चढणारी असतेच म्हणा. आंबवलेलंच ते.”

“हे तू त्यांना सांगतोस?”

“मी कशाला? सासू तुझी.”

सगळ्यात मोठा घोटाळा नळीने केला. ती ‘बुडूक बुडूक’ करायची आणि कलावतीबाईंची दुपारची झोपमोड व्हायची. शिवाय आसवाचं तोंड उघडं ठेवायचं नसतं, कणकेने लिंपायचं असतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांनी नळी उपटली, भोक बुजवलं, झाकणाच्या कडेने घट्ट कणीक लावली आणि निवांत झोपल्या.

गजेंद्र तेव्हा साइटवर कामगारांना दाबाखालच्या सिलिंडरांची काळजी कशी घ्यावी हे समजावून सांगत होता. तेवढ्यात यशश्रीचा फोन आला. “घरी ये. नाही, कुणाला लागलं नाही. झाकण पंख्यावर आहे.”

घरी येऊन बघतो तर भिंतीवर फेस, कपाटावर फेस, आरशावर धायटीचं एक फूल चिकटलेलं. आणि मधोमध कलावतीबाई, केसांत कणीक, चेहऱ्यावर कृतार्थ भाव. “असं आसव मी उभ्या जन्मात बघितलं नाही हो! काय जोर आहे!” लगेच त्यांनी बहिणीला, जयवंतीमावशींना, संगमेश्वराला फोन लावला आणि अर्धा तास जावयाचं कौतुक केलं. भिंत पुसता पुसता गजेंद्रने ते सगळं ऐकलं. खरं सांगायचं तर त्याला फार अपराधी वाटत होतं. आणि त्याहून खरं सांगायचं तर, कौतुक ऐकून थोडं बरंही वाटत होतं.

बादलीत जे उरलं ते कलावतीबाईंनी पंच्यातून गाळून सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं. तोवर रमजान सुरू झाला होता. गजेंद्रचं ऑफिस लवकर सुटायला लागलं. एकदा मुजम्मिलभाई गाडीतून त्याला सोडायला आले, खाली कलावतीबाईंची भेट झाली, आणि खाडीच्या अलीकडचं गाव कुठलं, पलीकडचं कुठलं, होडी कुठून सुटायची, तिचा नाखवा कोण होता, अशी उभ्या उभ्या ओळख निघाली. मुजम्मिलभाई त्यांना मावशी म्हणू लागले. मावशींनी लगोलग आमंत्रण दिलं, “रोजा सोडायला आमच्याकडे या. बायकोलाही आणा.”

ठरल्या दिवशी मुजम्मिलभाई आणि फरिदाभाभी आले. कलावतीबाईंनी घर सोवळ्यासारखं लख्ख केलं होतं. कोपऱ्यात नमाजासाठी नवी कोरी चादर. खजूर, फळं, कोकमाचं सरबत. अजान झाली, त्यांनी रोजा सोडला, नमाज पढून जेवायला बसले. घावन आणि नारळाच्या रसातली शेवई बघून मुजम्मिलभाईंचा घास हातातच राहिला. “मावशी, आमच्या अम्मीच्या हातची चव.” फरिदाभाभी हसून म्हणाल्या, “म्हणजे आता घरी गेल्यावर माझी खैर नाही.” गजेंद्रला वाटलं, किती छान संध्याकाळ आहे. एवढं वाटायला नको होतं.

जेवण झाल्यावर मुजम्मिलभाईंनी छातीवर हात फिरवला. “रोज्यात आंबट ढेकर फार येतात, मावशी. दुपारपासून जळजळ.”

“थांबा,” कलावतीबाई उठल्या. “घरात औषध असताना जळजळ कशाला? आमच्या जावयांनी स्वतः केलंय.”

त्या आत गेल्या आणि दोन वाट्या घेऊन आल्या. एक मुजम्मिलभाईंच्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली. “आज मुहूर्त. पाहुण्याबरोबर मीही घेत्ये.”

“मावशी देतायत म्हणजे औषधच,” असं म्हणून मुजम्मिलभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं आणि वाटी उचलली.

गजेंद्रच्या डोळ्यांसमोर सगळं एकदम उभं राहिलं. बोललो नाही तर कुणालाच कधी कळणार नाही. सासरी नाव राहील, साहेबांचा लोभ राहील, आणि हा भला माणूस रमजानमध्ये, आपल्या घरात, आपल्या भरवशावर बिअर पिईल. पाय आपोआप पुढे गेले. त्याने मुजम्मिलभाईंच्या ओठांपासून वाटी ओढून घेतली. अर्धी त्याच्या शर्टावर सांडली.

“मुजम्मिलभाई, नका! हे आसव नाही. बिअर आहे ती. मी केलेली.”

फरिदाभाभींनी ओढणी तोंडाला लावली. यशश्री डोळे मिटून उभी होती. गजेंद्रने मग सगळं सांगितलं. कॉलिन, खोकं, बादली, तो ‘हो’, सगळं. सांगताना त्याचे कान तापले होते आणि शर्टाला पिंपळीचा वास येत होता.

मुजम्मिलभाईंनी आधी पाण्याचा ग्लास घेतला. सावकाश प्यायले. “अल्लाची मेहरबानी,” ते म्हणाले, “आणि गजेंद्र, तुझीही. गप्प बसला असतास तर मला काय कळणार होतं?” मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “पण एवढा खटाटोप कशाला? पत्र मागायचं होतंस.”

“तुमच्याकडे? दारूसाठी?”

“अरे, ती पत्रं माझ्याच टेबलावरून जातात. ज्याचं त्याचं खाणंपिणं, मी सही करून मोकळा होतो. तुझाच अर्ज कधी आला नाही, म्हणून सगळ्या ऑफिसात समज आहे की तुला डायबेटिस आहे.”

फरिदाभाभींना हसू आवरेना, आणि मग यशश्रीलाही. गजेंद्रनेही हसायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात त्याची नजर सासूबाईंकडे गेली. त्या हसत नव्हत्या. त्यांच्या हातातली वाटी रिकामी होती.

“जावईबापू,” त्या शांतपणे म्हणाल्या, “वाट्या दोन होत्या. तुम्ही एकच धरलीत.”

सेफ्टी ऑफिसरने आयुष्यात इतकी माणसं वाचवली असतील नसतील, पण या क्षणी त्याला एकच दिसत होतं, जे वाचलं नव्हतं. “आई, चुकलं माझं,” तो म्हणाला. त्यांनी वाटी खाली ठेवली, चूळ भरून आल्या, पाहुण्यांना विडा दिला, जिन्यापर्यंत सोडायला गेल्या, आणि मग आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

सकाळी गजेंद्रने उरलेल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. घरभर सुंठ आणि यीस्टचा वास सुटला. तो बादली विसळत होता, तेवढ्यात हॉलमधून कलावतीबाईंचा आवाज आला. जयवंतीमावशींचा फोन होता, नेहमीसारखा स्पीकरवर.

“काय गं ताई, झालं का जावयांचं आसव? कधी आणत्येस आम्हाला?”

गजेंद्रच्या हातातला काथ्या थांबला. आता संगमेश्वर, मग देवरुख, मग चिपळूण. साडू पेढे वाटणार. जन्मभराची कमाई आता मोरीतून वाहून जाणार.

“आसव फसलं,” कलावतीबाई म्हणाल्या. “ओतून टाकलं.”

“अगं बाई! आणि मी इथे काय काय ऐकलंय. परवा कुणी म्हणालं, तिकडे आखातात सगळेच घेतात हो. तुमचे जावई तरी कसे कोरडे राहतील?”

गजेंद्रने मोरीतला नळ बंद करून कान दिला.

“आमचे जावई?” कलावतीबाई म्हणाल्या. “निर्व्यसनीच आहेत, आणि तसेच राहतील. मी स्वतः चव घेऊन सांगत्ये ना! त्यांच्या हातचं पिऊन कुणाला जन्मात व्यसन लागायचं नाही.”

गजेंद्र उठून दारापर्यंत आला. चव बिघडली ती तुमच्या पिंपळीने, तुमच्या गुळाने, तुमच्या गोधडीने, हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. कारागिराचा अपमान कारागीरच जाणे. कलावतीबाईंनी फोनवरून मान वर करून त्याच्याकडे रोखून पाहिलं. गजेंद्रने ते सगळं गिळलं, स्वयंपाकघरात गेला आणि दोघांसाठी लिंबू सरबत करायला घेतलं.

“साखर मी घालीन,” मागून आवाज आला.